माफीस अपात्र ओबेड ट्रस्कॉट

सन १८८० च्या एप्रिल महिन्यात पेलब्रिज गावात एक हजार दोनशे बारा मतदार, एकतीस पब, चार प्रार्थनागृहे आणि सातशे अठ्ठेचाळीस झेंड्याचे खांब होते. खांब मी स्वतः मोजलेले नाहीत. मी ऑक्टोबरात पोचलो तेव्हा खांब गेले होते आणि खड्डे उरले होते. खड्डे मात्र मोजले. सातशे एक्केचाळीस स्पष्ट ओळखू येत होते. उरलेल्या सातांवर कोबी लावला आहे, असे मालकांनी शपथेवर सांगितले.

एवढे खांब लागण्याचे कारण सरळ होते. मतदाराला मतासाठी पैसे देणे हा गुन्हा होता, पण त्याला कामावर ठेवणे हा गुन्हा नव्हता. त्यामुळे निवडणूक आली की निळ्या पक्षाला आणि पिवळ्या पक्षाला गावात अतोनात काम दिसू लागे. एका खांबाला खड्डा खणणारा एक, खांब धरणारा एक, खांब विरोधकांनी पळवू नये म्हणून राखणदार एक, आणि राखणदाराला झोप लागू नये म्हणून त्याच्याशी बोलणारा एक. याशिवाय तीनशे बारा निरोप्ये होते. त्यांतल्या एकाने आयोगापुढे सांगितले की त्याने खरोखरच एक निरोप पोचवला. निरोप असा होता, की आज काही निरोप नाही. निळ्यांच्या वाजंत्री पथकात छप्पन्न माणसे होती आणि वाद्ये नऊ.

एवढे करूनही काही मतदार बिनकामाचे राहिले. त्यांना पैसे सरळ हातात दिले गेले.

मतदान गुप्त झाल्याला आठ वर्षे झाली होती. चिठ्ठीवर कोण कुठे खूण करतो हे कुणालाच कळत नसे. त्यामुळे आठशे सतरा मतदारांनी दोन्ही बाजूंचे घेतले आणि मग सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत दिले. पिवळे अकरा मतांनी निवडून आले. निळ्यांना हा विश्वासघात सहन झाला नाही. पिवळ्यांनी लाच वाटली, असा त्यांनी दावा लावला. न्यायाधीशांनी तो मान्य केला, निवडणूक रद्द केली, आणि सरकारने पेलब्रिजची मुळापासून चौकशी करण्यासाठी तीन बॅरिस्टरांचा आयोग धाडला. अध्यक्ष होते सर ऑगस्टस थ्रेल. आकडेमोडीसाठी त्यांना एक कारकून हवा होता. मी त्याच उन्हाळ्यात लंडनहून रसायनशास्त्राची पदवी घेतली होती. बेरीज येते का, एवढेच मला विचारण्यात आले.

आयोगाचे काम एका नियमावर चालत असे. जो साक्षीदार येऊन आपण काय घेतले वा काय दिले ते पूर्ण आणि खरे सांगेल, त्याला आयोग माफीपत्र देई. माफीपत्र मिळाले की त्या माणसावर कुणालाही खटला भरता येत नसे. पहिल्या आठवड्यात नव्वद जण आले. दुसऱ्या आठवड्यात नगरभवनाबाहेर रांग लागली. तिसऱ्या आठवड्यात रांगेत पुढे जाण्यासाठी पैसे दिले जात आहेत असे आढळले, पण ते आयोगाच्या कार्यकक्षेत येत नव्हते.

साक्षी साधारण एकाच चालीच्या असत. उदाहरणादाखल एका चांभाराची देतो.

"किती घेतलंत?" सर ऑगस्टस यांनी विचारले.

"निळ्यांकडून दोन गिनी, साहेब. पिवळ्यांकडून दोन गिनी आणि एक बदक."

"बदक कशाबद्दल?"

"मी त्यांना म्हटलं, निळ्यांनीही दोनच दिल्यात. मग माझ्या मनाचा कौल कुठं लागायचा? तेव्हा त्यांनी बदक घातलं."

"आणि मत कुणाला दिलंत?"

चांभार थोडा दुखावला. "ते कसं सांगू साहेब? मतदान गुप्त असतं."

त्याला माफीपत्र मिळाले. वर शिक्का, खाली तीन सह्या, मध्ये सुरेख वळणदार अक्षरात नाव. गावात एवढा चांगला कागद पूर्वी कधी कुणी पाहिला नव्हता. लोक ते चौकटीत घालून भिंतीवर लावू लागले आणि लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे ते काढून दाखवू लागले. मुलीकडचे अनुक्रमांक बघत. अनुक्रमांक जितका लहान, तितके घराणे सचोटीचे.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला माझी बेरीज अशी होती : एकूण मतदार एक हजार दोनशे बारा, माफीपत्रे एक हजार दोनशे अकरा. मी बेरीज पुन्हा केली. चूक नव्हती. राहिलेला एक जण मी राहत होतो त्याच घरात राहत होता.

ओबेड ट्रस्कॉट हा गावच्या काटाघराचा तोलारी. पेलब्रिजचा बाजार चीजचा, आणि बाजारात येणारा प्रत्येक गड्डा विकण्याआधी ट्रस्कॉटच्या काट्यावर चढे. ही नोकरी तो एकोणीस वर्षे करत होता. काटाघराच्या माडीवरच्या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळत. एकीत तो आणि त्याची बायको केझाया राहत, दुसरी त्यांनी मला भाड्याने दिली होती. मी माझा काचपेटीतला प्रयोगशाळेचा तराजू बरोबर आणला होता. पहिल्याच रविवारी, निव्वळ उत्सुकतेपोटी, मी ट्रस्कॉटचा पितळी रत्तल, म्हणजे एका पौंडाचे वजन, त्यावर ठेवला. कायद्याने रत्तल सात हजार ग्रेनचा असतो. ट्रस्कॉट हात मागे बांधून उभा होता.

"किती भरला?" त्याने विचारले.

"सात हजार."

"मग दुसरं किती भरणार होता?" असे म्हणून तो जेवायला गेला.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी पिवळ्यांच्या माणसाने काट्याच्या पारड्याखाली दोन गिनी ठेवून दिल्या होत्या. ट्रस्कॉट त्याच्यामागे पुलापर्यंत धावला आणि त्या परत करून आला. निळ्यांनी हंस पाठवला होता. तो त्याने सही घेऊन परत केला. गावाला वाटले, हा भाव वाढवतो आहे. भाव वाढवून वाढवून शेवटी मतदान संपले तरी याने काही घेतले नाही, तेव्हा गाव त्याला हसले. सौदा चुकलेल्या माणसाला हसतात, तसे.

अडचण उद्भवली ती सुधारणेमुळे. वर्तमानपत्रांनी पेलब्रिजची इतकी नाचक्की केली, की नगरपालिकेने गावाचे नाव पुन्हा उजळण्याचे ठरवले. महापौर होते जोशुआ बॅग्नल, गावातले सर्वांत मोठे चीजचे व्यापारी. त्यांचे माफीपत्र क्रमांक एकचे होते. त्यांनी एकट्याने दोनशे बारा जणांना लाच दिली होती आणि तशी सगळ्यांच्या आधी येऊन कबुली दिली होती. त्यांनी सभेत ठराव मांडला. यापुढे, ज्याचे चारित्र्य आयोगाने तपासून माफीपत्र दिलेले आहे, अशाच माणसाला नगरपालिकेच्या नोकरीत ठेवावे. इतरांनी नऊ नोव्हेंबरला जागा आणि खोल्या रिकाम्या कराव्यात. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. नगरपालिकेचे चिटणीस, मनोऱ्याच्या घड्याळाला चावी देणारा, उंदीर पकडणारा, सगळ्यांनी दुसऱ्या दिवशी आपापले माफीपत्र हजर केले. महापौर स्वतः काटाघरी आले.

"ट्रस्कॉट, तुझं बघू."

"माझ्याकडे नाही, साहेब."

"हरवलं? नक्कल मिळते. एक शिलिंग पडतो."

"मिळालंच नाही. मी काही घेतलं नव्हतं."

महापौरांनी टोपी काढून हातात घेतली. आजाऱ्याजवळ बसावे तसे ते गोणीवर बसले.

"हे बघ, सुरुवातीला सगळेच असं म्हणतात. मीही आयोग येईपर्यंत म्हणत होतो. पण एकदा बोलून टाकलं ना, की छाती कशी हलकी होते. आपले रेव्हरंड बोलले. त्यांच्या सासूबाई बोलल्या, आणि त्यांना तर मतसुद्धा नाही."

"पण माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही."

"म्हणजे गावात बाराशे अकरा चोर आणि तू एकटा साव, असंच ना?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तोंडानं नाही म्हटलंस." महापौर उठले. "ट्रस्कॉट, एकोणीस वर्षं तू माझं चीज तोलतोस. मी कधी तुझा रत्तल तपासला नाही. पण आता गावाचा प्रश्न आहे. ज्यानं चुकून एकदा खाल्लं आणि कबूल केलं, त्याचं पोट मला माहीत आहे. ज्यानं कधी कबूलच केलं नाही, त्याच्यावर मी भरवसा कशावर ठेवायचा? तूच सांग."

महापौर गेल्यावर केझाया जिन्यावरून खाली आली. तिने सगळे ऐकले होते.

"अहो, नऊ तारखेला सात दिवस राहिले."

"माहीत आहे."

"बहिणीकडे मला एकटीला जागा आहे. तुम्हाला नाही. तिच्या नवऱ्याला तुमचं माफीपत्र नाही हे आवडत नाही. त्याचं दोनशे चौथं आहे."

"अगं, पण मी केलं काय?"

"तेच जाऊन विचारा ना त्या मोठ्या साहेबांना. काही केलं नाही, त्याचं काही पत्र मिळतं का ते."

दुसऱ्या दिवशी ट्रस्कॉट आयोगापुढे उभा राहिला. सर ऑगस्टस त्याच्याशी अतिशय सौजन्याने वागले. त्यांनी माफीपत्राचा नमुना त्याच्यासमोर धरला आणि एकेक रकाना वाचून दाखवला : कुणाकडून घेतले, किती घेतले, कोणत्या तारखेस.

"यात मी काय लिहू?" त्यांनी विचारले.

"काही घेतलं नाही, असं लिहा साहेब."

"मग माफ काय करू?"

ट्रस्कॉटने नमुन्याची मागची बाजूही पाहिली.

"तुमची अडचण मला समजते," सर ऑगस्टस म्हणाले. "पण हा आयोग दोषी माणसाला माफी देऊ शकतो. निर्दोष माणसाला काहीही देण्याचा अधिकार आम्हाला पार्लमेंटनं दिलेला नाही. तुमच्यासारखे कुणी निघतील, अशी कायदा करताना कल्पना नसावी."

"घेतले होते असं म्हटलं तर?"

"ती खोटी साक्ष होईल. त्याला तुरुंग आहे. आयोगापुढे खोटं चालत नाही." त्यांनी चष्मा काढला आणि कायद्याचे पुस्तक चाळले. ते मनाने दयाळू होते, हे मी या ठिकाणी नमूद करतो. "एक आहे. मतदानाच्या आधी घेतलेली लाच हा गुन्हा आहे, तसा मतदानानंतर, दिलेल्या मताबद्दल घेतलेली लाच हाही गुन्हा आहे. नंतर म्हणजे किती नंतर, याची मुदत कायद्यात दिसत नाही."

"म्हणजे आता घेतली तर चालेल?"

"आयोग कुणालाही सल्ला देत नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. "आयोगाची शेवटची बैठक सहा तारखेला आहे. सकाळी दहा वाजता."

ट्रस्कॉट तो दिवसभर काट्याजवळच उभा राहिला. काट्यावर चीज चढे, तो आकडा सांगे, चीज उतरे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कोट घातला आणि मला विचारले, "मास्तर, येता का बरोबर? मला या गोष्टी कशा करतात ते माहीत नाही." मलाही माहीत नव्हते, आणि म्हणूनच मी गेलो.

पिवळ्यांचे एजंट मिस्टर पार्जिटर हे पेशाने वकील. त्यांच्या कचेरीत, त्यांच्या डोक्यावर, माफीपत्र क्रमांक तीन सोनेरी चौकटीत लावले होते. ट्रस्कॉटने येण्याचे कारण सांगितले. पार्जिटर यांनी ते ऐकून घेतले आणि उठून दार लावले.

"ट्रस्कॉट, तुम्ही मला काय समजता? मी लाच देऊ?"

"एप्रिलात दिली होतीत ना. पारड्याखाली ठेवली होती."

"एप्रिलातला पार्जिटर वेगळा होता. तो कबुली देऊन मोकळा झाला. आता पुन्हा दिली तर हे पत्र त्याला लागू होणार नाही. नवा गुन्हा, नवी भानगड."

"तुम्हीही पुन्हा साक्ष द्या. सहा तारखेपर्यंत मुदत आहे."

पार्जिटर यांनी या मुद्द्यावर विचार केला. वकील म्हणून त्यांना तो बिनतोड वाटला असावा. ते खुर्चीत बसले.

"बरं. पण लाच मताबद्दल द्यावी लागते. मत कुणाला दिलं होतंत?"

"तुम्हालाच. तुमच्या माणसाचं भाषण ऐकलं, विचार केला, आणि दिलं."

"फुकट?"

"हो."

पार्जिटर यांनी लेखणी खाली ठेवली. "तुमच्यासारख्या माणसांमुळेच, ट्रस्कॉट, निवडणुकीचा काही अंदाज बांधता येत नाही. कुणाला दिले तर मत देत नाही, कुणाला दिले नाहीत तर देतो. आम्ही पक्ष चालवायचा कसा?" मग ते व्यवहारावर आले. "हे बघा, पक्षाची थैली संपली. खिशातून द्यायचे तर मी जोखीम का घेऊ? दोन गिनी मी तुम्हाला देतो. जोखमीच्या तीन गिनी तुम्ही मला द्या."

ट्रस्कॉटने माझ्याकडे पाहिले. मी मनात वजाबाकी केली आणि ती बरोबर होती, एवढेच त्याला सांगू शकलो.

तीन गिनी त्याने दुसऱ्या दिवशी आणल्या. त्या केझायाच्या हिवाळी कोटासाठी ठेवलेल्या होत्या. त्याने त्या टेबलावर ठेवल्या. पार्जिटर यांनी तीनही उचलल्या, एक खिशात घातली आणि दोन ट्रस्कॉटच्या हातावर ठेवल्या.

"गेल्या एप्रिलातल्या मताबद्दल," ते गंभीरपणे म्हणाले. "मोजून घ्या."

ट्रस्कॉटने मोजून घेतल्या. मी वहीत नोंद केली : मिळालेली निव्वळ लाच, उणे एक गिनी.

सहा तारखेला सकाळी दहा वाजता नगरभवन भरून गेले होते. ट्रस्कॉटने जे घडले ते सगळे सांगितले. आपण तीन दिल्या हेही सांगितले. सर ऑगस्टस यांनी लिहून घेणाऱ्या सचिवाला थांबवले. मतदाराने एजंटाला दिलेल्या रकमेसाठी नमुन्यात रकाना नव्हता, त्यामुळे तीन गिनी गाळण्यात आल्या. मिळाले : दोन गिनी. कुणाकडून : पार्जिटर. कशाबद्दल : मत. शिक्का बसला. अनुक्रमांक एक हजार दोनशे बारा.

टाळ्या खूप वेळ चालू होत्या. महापौर बॅग्नल व्यासपीठावरून खाली उतरले आणि त्यांनी ट्रस्कॉटचा हात दोन्ही हातांत धरला.

"शेवटी आमच्यात आलास बाबा. किती ताटकळत ठेवलंस."

नऊ तारखेला ट्रस्कॉटची नेमणूक कायम झाली. माफीपत्र त्याने भिंतीवर लावले नाही. केझायाने ते पिठाच्या डब्याखाली ठेवले, कारण तो डबा डुगडुगत असे.

आयोगाचा अहवाल पुढच्या मार्चात छापून आला. आयोगाने खेदपूर्वक नमूद केले होते, की एक हजार दोनशे बारा मतदारांची कसून तपासणी करूनही लाच न घेतलेला एकही मतदार पेलब्रिजमध्ये आढळला नाही. एखादा जरी आढळला असता, तरी गावाच्या प्रतिनिधित्वाबद्दल वेगळा विचार करता आला असता. सबब पेलब्रिजने यापुढे पार्लमेंटात प्रतिनिधी पाठवू नये, अशी शिफारस होती.

पण गावाचे लक्ष शिफारशीकडे नव्हते. अहवालाला एक परिशिष्ट होते, आणि परिशिष्टात सगळ्या मतदारांची नावे अकारविल्हे लावून प्रत्येकापुढे त्याने किती घेतले ते दिले होते. ती यादी मी तयार केली होती आणि तीत एकही चूक नव्हती. पेलब्रिजमध्ये अहवालाच्या सहाशे प्रती खपल्या. त्या वर्षी प्रार्थनेची पुस्तके एकेचाळीस खपली. चांभाराला त्यातून कळले की शेजारच्या खाटकाला दोन बदके मिळाली होती, आणि त्याने खाटकाशी बोलणे सोडले. नोव्हेंबरात नगरपालिकेच्या निवडणुका होत्या. पूर्वी एजंटांना दारोदार हिंडून कोण कितीला येतो ते हळूच काढून घ्यावे लागे. आता पुस्तक उघडले की झाले. सरकारी छापखान्याचा छाप असल्यामुळे घासाघीस कुणी करत नसे.

त्याच वर्षी सप्टेंबरात मला परगण्याच्या वजनेमापे खात्यात सहायक तपासनिसाची जागा मिळाली. वर्षातून एकदा, सप्टेंबरअखेरीला, गावोगावचे प्रमाण रत्तल तपासायचे आणि छापील नमुन्यात आकडा भरायचा. पेलब्रिज माझ्याच भागात होते. मला आनंद झाला. तिथे तरी काम सोपे होते.

बाजाराच्या दिवशी पोचलो. काटाघरी जाण्याआधी सवयीप्रमाणे बाजारातून एक रत्तल चीज घेतले. काटाघराच्या काट्यावर तोलून, शिक्का मारून ते विकायला ठेवलेले होते. सरायीत जाऊन मी ते माझ्या तराजूवर ठेवले. सहा हजार आठशे बहात्तर ग्रेन भरले. तराजू पुसला, पुन्हा ठेवले. तेवढेच. तिसऱ्यांदाही तेवढेच.

ट्रस्कॉट मला पाहून मनापासून हसला. काटाघराचे छप्पर नवे होते. केझायाच्या अंगावर नवा कोट होता, जाड, लोकरीचा. ऊन होते, तरी तिने तो घातला होता.

"मास्तर, किती वाळलात," ती म्हणाली. "खात नाही का तिकडे?"

मी ट्रस्कॉटला आकडा सांगितला. त्याने मान डोलावली. लाज वाटल्यासारखा तो दिसला नाही. हिशेब जुळलेल्या माणसासारखा दिसला.

"एप्रिलात बॅग्नलसाहेब आले," तो म्हणाला. "हातात पुस्तक. पान एकशे त्र्याण्णव उघडून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, ट्रस्कॉट, इथं छापलंय, दोन गिनी. मी म्हटलं, साहेब, ते वेगळं होतं. ते म्हणाले, असेल. वेगळं होतं असं कुठं छापलंय ते दाखव."

"मग?"

"मी पुस्तक ठेवून घेतलं. तीन दिवस वाचलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. कुठंच छापलेलं नव्हतं, मास्तर. तुम्हीच लिहिलं होतंत ना ते?"

मी लिहिले होते. बेरीज बरोबर होती, हे मी त्याला पुन्हा सांगितले.

"चौथ्या दिवशी बाजारात गेलो, तर लोक नेहमीसारखेच वागत होते. बरे वागत होते, उलट. आधी मी आलो की गप्प व्हायचे. आता जागा करून देतात बसायला." त्याने काट्याकडे हात केला. "एकशे अठ्ठावीस ग्रेन. एवढ्यानं कुणाच्या घरची भाकरी सुकी राहत नाही. बॅग्नलसाहेबांनी भावही अर्ध्या पेनीनं उतरवला. गिऱ्हाईक खूश आहे."

मग तो आत गेला आणि एक लाकडी पेटी घेऊन आला. पेटीत फ्लॅनेलचे फडके होते, फडक्यात जुना पितळी रत्तल. तो चकचकीत घासलेला होता.

"तुमच्या नमुन्यात काय लिहिलंय? 'गावाचा प्रमाण रत्तल', असंच ना? तो हा. मी त्याला काही केलेलं नाही. करणारही नाही. दर रविवारी पुसतो."

मी नमुना पाहिला. गावाचा प्रमाण रत्तल, असेच त्यात होते. काट्यावर रोज कोणता ठेवतात, यासाठी रकाना नव्हता. मी रत्तल तोलला आणि भरला तो आकडा लिहिला : सात हजार. खाली सही केली.

केझायाने चहा दिला, वर जाड साय. निघताना पाहतो तर माझ्या पिशवीच्या तोंडाशी चीजचा एक अख्खा गड्डा, स्वच्छ कापडात बांधलेला.

"बॅग्नलसाहेबांनी पाठवलंय," ती म्हणाली. "वाटेत भूक लागते."

अशा वेळी जे म्हणायचे असते ते मी म्हटले. "अहो, हे कशाला उगीच?" असे म्हणताना माणूस पिशवीचे तोंड नीट उघडे धरतो, कारण गड्डा आत बसायला हवा असतो.

परगण्याच्या गावी पोचल्यावर अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवण्याआधी मी तो गड्डा कापडातून सोडवला आणि तराजूवर ठेवला. वर चार रत्तलांचा शिक्का होता. तीनदा तोलला. तिन्ही वेळा अठ्ठावीस हजार ग्रेन भरला.